राजे गेले, लाटा राहिल्या

कारवारहून अणशीचा घाट चढून जोयड्याच्या बाजूस गेले की समुद्राची खारट हवा मागे राहते आणि सुपारीच्या बागांचा ओलसर गारवा सुरू होतो. ह्याच तालुक्यातल्या नंदिगड्डे गावी गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस राहण्याचा योग आला. माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीचे हे मूळ गाव. तिचे वडील नोकरीनिमित्त बडोद्यास आले आणि इकडलेच झाले. आजोबा मात्र अजून बागेतल्या जुन्या घरीच राहतात.

ह्या मुलीशी माझी पहिली भेट फारशी चांगली झाली नव्हती. शिकवणीच्या पहिल्याच दिवशी ती आजोबांची जुनी हवाईयन गिटार घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबांनी थोडे शिकवले आहे, पुढचे तुम्ही शिकवाल का?" मी हसलो आणि ते वाद्य घरी ठेवून यायला सांगितले. "आपल्या गाण्याचे ते वाद्य नव्हे," असे मी म्हणालो. वाक्य माझ्या तोंडून निघाले खरे, पण ते माझ्या वडिलांचे होते. वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यातल्या अगदी अखेरच्या पिढीतले. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांची नुकती कुठे उमेदवारी संपली होती. दरबार गेला, पण दरबारचा कान काही गेला नाही. सतार, बीन, सारंगी ही वाद्ये. गिटार हे सिनेमावाल्यांचे खेळणे. हा निवाडा त्यांनी दिला, मी तो वारशात घेतला, आणि एका दहा वर्षांच्या मुलीवर बजावला.

नंदिगड्ड्यास संध्याकाळी ओटीवर आजोबांनी तीच गिटार मांडीवर आडवी ठेवली, डाव्या हातात पोलादाची कांडी घेतली आणि भीमपलास वाजवला. मध्यमावरून कोमल गांधारावर उतरणारी मींड इतकी सलग होती की मी पानाचा विडा हातातच धरून बसलो. वाजवणे संपल्यावर म्हातारा शांतपणे म्हणाला, "मास्तर, हे वाद्य समुद्रावरच्या माणसांचे. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरतात ना, त्यांचे. मुंबईस नोकरीला असताना घेतले. आता मी इथे डोंगरात, आणि वाद्य समुद्राचे."

बडोद्यास परतल्यावर मी त्या समुद्रावरच्या माणसांचा माग काढू लागलो. तो माग मला प्रशांत महासागरातल्या एका किनारवस्तीपाशी घेऊन गेला. तिचे नाव वायकिकी. तिची हकिकत वाचताना मला जागोजागी आपलेच संस्थान आठवत राहिले. म्हणून ती येथे सांगतो.

पाणथळीतली राजधानी

हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर, होनोलुलू शहराच्या पूर्वेस, वायकिकी हा किनाऱ्याचा एक पट्टा आहे. आज तेथे गगनचुंबी हॉटेलांची भिंत उभी आहे. नावाचा अर्थ मात्र 'उसळते पाणी' असा आहे. मागच्या मानोआ, पालोलो आणि माकिकी ह्या खोऱ्यांतून ओढे उतरत, त्यांनी किनाऱ्यामागची सारी जमीन पाणथळ करून सोडली होती. आपल्या कोकणात जशी भाताची खाचरे तशी तेथे अळूची खाचरे. अळकुड्या शिजवून, कुटून केलेले 'पोई' हे तिथल्या माणसाचे रोजचे अन्न. मधूनमधून बांध घालून मासे पाळण्याची तळी केलेली, आणि समुद्राच्या कडेला माडांची राई. अन्नपाण्याची अशी सुबत्ता असल्यामुळे बेटाचे सरदार पिढ्यान् पिढ्या येथेच राहत. १७९५ साली पहिल्या कामेहामेहा राजाने ओआहू जिंकले, तेव्हा त्याच्या होड्या ह्याच किनाऱ्याला लागल्या होत्या. पुढे राजधानी होनोलुलूस गेली, तरी राजघराण्याची घरे वायकिकीच्या माडांतच राहिली.

ह्या जागेचे दुसरे वैभव पाण्यातले. तेथल्या उन्हाळ्यात, म्हणजे दक्षिण गोलार्धात हिवाळा असताना, तिकडच्या वादळांनी उठलेल्या लाटा हजारो मैल चालत येऊन ह्या दक्षिण किनाऱ्यास पोहोचतात. किनाऱ्यापासून बऱ्याच आत पोवळ्यांचे खडक पसरलेले आहेत. त्यांच्यावर आल्यावर लाटेचा पाय अडखळतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटू लागते. उतार फार सौम्य असल्यामुळे ती एकदम कोसळत नाही, हळूहळू फुटत दूरवर धावत राहते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची आषाढातली लाट होडी फोडते, म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यावर्दी तिच्या वाटेस जात नाहीत. वायकिकीची लाट माणसाला खांद्यावर घेते. नवशिक्यालाही ती सांभाळून नेते.

हवाईच्या भाषेत ह्या खेळाला 'हेए नालू' म्हणतात. नालू म्हणजे लाट, आणि हेए म्हणजे घसरणे. राजा, रयत, बायका, मुले सारीच तो खेळत. मर्यादा होती ती फळीची. 'ओलो' नावाची लांब, जड फळी सरदारांची. 'अलाया' ही आखूड, पातळ फळी बाकीच्यांची. अबनेर पाकी ह्या सरदाराच्या फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आजही ठेवलेल्या आहेत. त्या सुमारे सोळा फूट लांब आहेत. आपल्या संग्रहालयांत राजांच्या तलवारी असतात, तशा तेथे राजांच्या फळ्या आहेत.

दोन दरबार

१७७८ साली कॅप्टन कुकची गलबते ह्या बेटांना लागली आणि त्यांच्यामागून परक्या मुलखातले रोग आले. काही लाखांची प्रजा शंभर-सव्वाशे वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास उरली. १८२० साली ख्रिस्ती मिशनरी आले. उघड्या अंगाने, बायका-पुरुषांनी मिळून लाटांवर खेळणे आणि हुला नाच करणे त्यांना पसंत नव्हते. पुढे ऊसमळ्यांची कामे आली. माणसे कमी, फुरसत कमी आणि वर नापसंती. अशा तिहेरी ओढाताणीत फळ्या घरांच्या आढ्याला लागल्या. तरी वायकिकीच्या किनाऱ्यावर थोडी माणसे खेळत राहिली.

१८७४ साली कालाकाउआ राजा गादीवर आला. ह्या राजाची आणि आपल्या संस्थानी राजांची जातकुळी एक. १८८१ साली तो जगप्रवासास निघाला. साऱ्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा तो पहिला राज्यकर्ता राजा. ऊसमळ्यांसाठी मजूर मिळवणे हा एक हेतू, जग पाहणे हा दुसरा. त्या फेरीत तो कलकत्त्यास आणि मुंबईसही येऊन गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इकडे सयाजीराव महाराजांस राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. परतल्यावर कालाकाउआने नवा इओलानी राजवाडा पुरा केला आणि १८८३ च्या राज्याभिषेकात हुला पुन्हा उघडपणे नाचवला. पिढ्यान् पिढ्या दडवून ठेवलेली गीते दरबारात परत आली.

त्याच्या पदरी हेन्री बर्गर नावाचा प्रशियन बँडमास्तर होता. १८७२ साली आलेला हा गृहस्थ १९१५ पर्यंत रॉयल हवाईयन बँड चालवीत राहिला. राजाने शब्द लिहायचे आणि बर्गरने चाल बांधायची, अशा रीतीने त्यांचे राष्ट्रगीत तयार झाले. बडोद्याच्या वाचकांना ह्यात नवल वाटू नये. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली आपल्याकडे गायनशाळा सुरू झाली, आणि कमाटीबागेतल्या बँडस्टँडवर कोणता बँड वाजे हे घरोघरचे म्हातारे सांगत असत. त्याच १८८६ साली होनोलुलूत राजाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या उत्सवात एक नवे चिमुकले तंतुवाद्य मानाने मिरवत होते. १८७९ साली मदैरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर 'रेव्हन्सक्रॅग' जहाजातून आले, त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या गिटारीपासून ते घडले. तीच उकुलेले. गोव्यात पोर्तुगिजांच्या व्हायोलिनचे जे झाले ते तेथे ह्या वाद्याचे झाले. पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन बसले.

राजघराण्यातली माणसे स्वतः गीते रचीत. राजाची बहीण लिलिउओकलानी हिने १८७८ च्या सुमारास रचलेले 'आलोहा ओए' पुढे जगभर गेले. आणि हीच माणसे लाटांवरही खेळत. १८८५ साली शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात राहणाऱ्या तीन हवाईयन राजपुत्रांनी सांताक्रूझ येथे लाकूड कापून फळ्या करवून घेतल्या आणि समुद्रात उतरले. अमेरिकेच्या किनाऱ्यावर हा खेळ पहिल्यांदा दिसला तो असा. राजकन्या काइउलानी वायकिकीतल्या आपल्या आइनाहाऊ ह्या घरी मोर पाळी आणि समोरच्या लाटांवर फळी चालवी.

दगड खाऊ

मग १८९३ चा जानेवारी उजाडला. कालाकाउआ वारला होता, लिलिउओकलानी राणी झाली होती. साखरेच्या व्यापारात गब्बर झालेल्या गोऱ्यांनी, बंदरातल्या अमेरिकन युद्धनौकेवरचे सैनिक किनाऱ्यावर उतरलेले पाहून, १७ जानेवारीस तिला पदच्युत केले. दोन वर्षांनी तिला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कोंडून ठेवले. तेथेही ती गीते लिहीत होती. १८९८ साली बेटे अमेरिकेने खालसा केली. पुढे शंभर वर्षांनी, १९९३ साली, अमेरिकेच्या काँग्रेसने ह्या कृत्याबद्दल ठराव करून माफी मागितली. गेलेले राज्य माफीने परत येत नाही, हा भाग वेगळा.

ह्या साऱ्यात मला हलवून गेली ती बँडवाल्यांची गोष्ट. नव्या सरकारने त्यांना निष्ठेची शपथ घालून सही करायला सांगितले. नाही केली तर पगार बंद, मग दगड खाल, असे त्यांना सुनावण्यात आले. बहुतेकांनी सही केली नाही. ते एलेन प्रेंडरगास्ट ह्या राणीच्या मैत्रिणीकडे गेले आणि आमचे म्हणणे गीतात घाल म्हणाले. तिने लिहिलेले गीत 'दगड खाण्याचे गीत' ह्या नावानेच ओळखले गेले. आमची भूमी आम्हांला दगड देईल, तेवढे आम्हांला पुरेत, हा त्याचा भाव.

हे वाचताना मी बराच वेळ थांबलो. आपल्या दरबारी कलावंतांना कोणी शपथ घातली नाही. विलीनीकरण सभ्यपणे झाले. पण पगारपत्रकातले नाव गेल्यावर प्रत्येकाला आपापला दगड शोधावाच लागला. कोणी आकाशवाणीत गेले, कोणी नाटक कंपनीत, कोणी सिनेमाच्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसले. आमच्या घरी शिकवण्या सुरू झाल्या. वडिलांना त्या पाहिजेत तशा कधी जमल्या नाहीत. दाराशी आलेल्या प्रत्येक मुलाची ते आधी परीक्षा घेत, आणि बहुतेक मुले दुसऱ्या दिवशी येत नसत.

पोलादाची कांडी

हवाईची कला राजवाड्यातून निघाली ती कोठे गेली, ह्याचे उत्तर दोन ठिकाणी मिळते. एक गिटारीत, दुसरे वायकिकीच्या वाळूत.

गिटार हवाईत पूर्वीच आली होती, पण तिथल्या लोकांना सुरांमधली मोकळी जागा सोडवत नसे. ओआहू बेटावरच्या लाइए गावच्या जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने १८८५ नंतरच्या वर्षांत तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजवण्याची रीत बसवली. ह्याचे श्रेय सामान्यतः त्यालाच देतात. गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या एका तरुणाने होनोलुलूत त्याच सुमारास तशीच गिटार वाजवली, असे सांगणारी एक जुनी आठवणही आहे. आपल्या विचित्र वीणेवर काचेचा बट्टा असाच सरकतो, दक्षिणेकडच्या गोट्टुवाद्यावर लाकडाचा. कोणाचे कोणाकडून आले ह्या वादात मी पडत नाही. पडद्यांच्या खुंटांवरून उड्या न मारता सुरावरून सुरावर घसरत जाण्याची ओढ ज्यांच्या कानात होती, त्यांना ती वाट सापडली. ज्या लोकांच्या खेळाचेच नाव 'घसरणे' आहे त्यांना मींड सापडावी, हे मला तरी स्वाभाविक वाटते.

केकुकू १९०४ साली अमेरिकेस गेला. १९१५ च्या सान फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनातले हे वादन लाखो लोकांनी ऐकले आणि साऱ्या अमेरिकेला त्याचे वेड लागले. घरोघर उकुलेले आणि पोलादी गिटार आली. राजाचे राज्य खालसा करणारा देश त्याच राज्याचे संगीत विकत घेऊ लागला.

वाळूवरची शाळा

इकडे वायकिकीत १९०१ साली मोआना नावाचे पहिले मोठे हॉटेल उघडले. त्याच्या समोर, वाळूवर, मूळच्या हवाईयन पोरांचा अड्डा होता. १९०७ साली जॅक लंडन हा प्रसिद्ध लेखक आला, फळीवर पडला, उन्हाने भाजला आणि 'राजांचा खेळ' म्हणून त्याने त्याच्यावर लेख लिहिला. दुसऱ्या वर्षी आउटरिगर कनू क्लब निघाला. त्याचे सभासद मुख्यतः गोरे होते. तेव्हा किनाऱ्यावरच्या हवाईयन मंडळींनी १९११ साली आपला 'हुई नालू' हा संघ रीतसर स्थापन केला. हुई नालू म्हणजे लाटांचे मंडळ. दोन्ही संघांच्या शर्यती होत. चुरस मोठी, पण लाट एकच.

ह्या मंडळातला एक जण ड्यूक कहानामोकू. एडिंबरोचा ड्यूक १८६९ साली बेटांवर आला होता, म्हणून त्याच वर्षी जन्मलेल्या बापाचे नाव ड्यूक ठेवले गेले, आणि तेच १८९० साली जन्मलेल्या मुलाकडे आले. वायकिकीच्या कालिया भागात आजोळच्या पाओआ घराण्याच्या जमिनीवर तो वाढला. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात त्याने सुवर्णपदक मिळवले, १९२० साली अँटवर्पला पुन्हा मिळवले, आणि १९२४ साली पुढे टारझन म्हणून गाजलेल्या जॉनी वाइसम्युलरच्या मागे तो दुसरा आला. १९१४-१५ च्या सुमारास तो ऑस्ट्रेलियात गेला तेव्हा सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर गावी त्याने लाकडाची फळी स्वतः तासली आणि लाटेवर उभे राहून दाखवले. ती फळी त्या गावाने अजून जपली आहे. १९२५ साली कॅलिफोर्नियात एक होडी उलटली, तेव्हा ह्याच माणसाने आपल्या फळीवरून पुन्हापुन्हा लाटांत जाऊन आठ माणसे वाचवली. एवढे होऊनही त्याला दरबारी नेमणूक कोणी दिली नाही. त्याने पेट्रोल पंप चालवला, नंतर बरीच वर्षे होनोलुलूचा शेरीफ म्हणून काम केले.

ड्यूकच्या भोवतीची बाकीची पोरे 'बीचबॉय' म्हणून ओळखली जात. सकाळी परदेशी पाहुण्यांना फळीवर उभे राहायला शिकवायचे, दुपारी त्यांना होडीतून लाटांवर न्यायचे, आणि संध्याकाळी झाडाखाली उकुलेले काढून गायचे. गाण्याचे पैसे मिळत किंवा मिळत नसत. त्यांच्या हातात सनद नव्हती, अंगावर दरबारी पोशाख नव्हता. पण आजोबा-पणजोबांची गीते, लाटेची नावे आणि होडी वळवण्याच्या खुणा त्यांना पाठ होत्या. त्यांच्यातला कोणी वारला की बाकीचे होड्या घेऊन लाटांपलीकडे जात आणि त्याची रक्षा समुद्रात सोडत.

ह्या शाळेचे एक वैशिष्ट्य माझ्या फार मनात भरले. तेथे प्रवेशपरीक्षा नव्हती. जो पाण्यात उतरेल त्याला फळीवर पालथे पाडायचे, मागून एक ढकल द्यायची आणि "ऊठ" म्हणून ओरडायचे. पडणे हा शिक्षणाचाच भाग धरलेला होता. आमच्याकडे बेसूर लागला की तंबोरा खाली ठेवावा लागे.

१९३५ साली मोआना हॉटेलच्या वडाखालून 'हवाई कॉल्स' हा रेडिओचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो १९७५ पर्यंत चालला. त्यात एक माणूस ध्वनिक्षेपक घेऊन पाण्याच्या कडेला जाई आणि लाटांचा आवाज जगाला ऐकवी. पोलादी गिटारीच्या आधी लाट बोले.

वस्तीची किंमत

येथवर गोष्ट गोड वाटेल. पण वस्तीचे काय झाले तेही सांगितले पाहिजे.

१९२१ ते १९२८ ह्या वर्षांत आला वाई नावाचा सुमारे दोन मैलांचा कालवा खणण्यात आला. डोंगराचे ओढे त्याच्यात वळवले, दलदल बुजवली, आणि अळूची खाचरे, चिनी शेतकऱ्यांची भातशेते, बदकांची तळी सारी नाहीशी झाली. आरोग्य हे कारण सांगण्यात आले. बुजवलेल्या जमिनीचे मोल किती वाढले ते पुढे सर्वांनी पाहिले. उसळत्या पाण्याच्या गावातले पाणीच गेले. राजांच्या माडांच्या राईत १९२७ साली गुलाबी रंगाचे रॉयल हवाईयन हॉटेल उभे राहिले. राजे नव्हते, 'रॉयल' ही पाटी राहिली. पाओआ घराण्याच्या कालियातल्या जमिनीवर १९५५ साली हेन्री कायझरने हॉटेलांची नवी वसाहत उभी केली. १९५९ साली हवाई अमेरिकेचे राज्य झाले आणि त्याच सुमारास जेट विमाने आली. १९६७ साली वर्षाला येणाऱ्या पाहुण्यांची संख्या दहा लाखांवर गेली. बांधलेल्या भिंतींमुळे लाटा वाळू ओढून नेऊ लागल्या, म्हणून वाळूही बाहेरून आणून पसरावी लागली.

म्हणजे जमीन गेली, ओढे गेले, राजवाडा संग्रहालय झाला. राहिले काय? लाटा राहिल्या, आणि त्यांना ओळखणारी माणसे राहिली. समुद्रकाठी जेथे राणी लिलिउओकलानीचे घर होते, तेथल्या लाटेला आजही 'क्वीन्स', म्हणजे राणीची लाट, म्हणतात. तेथे बीचबॉय अजून नवशिक्यांना ढकल देतात. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा स्त्रियांचे पहिले सुवर्णपदक कॅरिसा मूर हिने मिळवले. ही होनोलुलूची हवाईयन वंशाची मुलगी, वायकिकीच्या लाटांवर बापाच्या हाताखाली शिकलेली.

कांडी हलकी धरावी

गिटारीची वाट तर आपल्याच अंगणात आली. ताउ मोए ह्या वादकाचे कुटुंब १९४० च्या दशकात काही वर्षे कलकत्त्यास राहिले. त्याआधीच गार्नी निस ह्यांचा 'आलोहा बॉइज' हा संच तेथे वाजवू लागला होता. आकाशवाणी, सिनेमा आणि ध्वनिमुद्रिका ह्यांच्याद्वारे हे वाद्य मध्यमवर्गीय घरांत शिरले. आणि मग जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी त्याच्यावर राग मांडला. त्यांचे गुरू उस्ताद अली अकबर खाँ, जे स्वतः जोधपूर दरबारचे कलावंत होते. पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्याबरोबर काब्रांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका अनेकांच्या घरी असेल. पुढे विश्वमोहन भट्टांनी त्याच कुळातली मोहनवीणा केली आणि १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दरबारी उस्तादाने गिटार घेऊन आलेल्या शिष्याला परत पाठवले नाही. माझ्या वडिलांचे वाक्य त्यांच्या हयातीतच खोटे ठरले होते, आणि मी ते पुढे चालवीत होतो.

नंदिगड्ड्याहून परतताना मी कारवारला एक संध्याकाळ थांबलो. जोयडा तालुक्यात उगम पावलेली काळी नदी येथे सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. ह्याच किनाऱ्याने खाली दक्षिणेस गेले की मुल्की लागते. तेथे गेल्या वीस वर्षांत फळीचा खेळ रुजला आहे. पूर्व किनाऱ्यावर चेन्नईजवळच्या कोवलममध्ये कोळ्यांच्या मुलांनी तो उचलला आहे. ह्या वस्त्याही आता नावारूपाला येतील, तेथेही हॉटेले येतील. वायकिकीची हकिकत त्यांनी ऐकून ठेवावी असे वाटते. लाट कोणाला विकता येत नाही, पण लाटेसमोरची जमीन विकता येते. किनाऱ्यावरचे घर गेले की लाट ओळखणारा मुलगा पाहुण्यासारखा बसने येऊ लागतो.

आणि ज्यांच्याजवळ दरबाराचा वारसा आहे त्यांनीही ती ऐकावी. राजाने कला सन्मानाने सांभाळली, हे खरेच आहे. पण गादी गेल्यावर ती जगली ती दार उघडे ठेवणाऱ्यांच्या हाती. माझ्या वडिलांची विद्या मोठी होती. त्यांच्या अखेरच्या वर्षांत त्यांच्याजवळ तीनच शिष्य होते, त्यांतला एक मी.

जून महिन्यात शिकवणी सुरू झाली तेव्हा मी त्या मुलीला गिटार घेऊन यायला सांगितले. गळ्यावर भीमपलास मी शिकवतो, आणि त्याची मींड कांडीने कशी काढावी हे ती मला दाखवते. आजोबांना फोनवर तेवढे कळवले. थोडा वेळ पलीकडे फक्त पावसाचा आवाज येत होता. मग म्हणाले, "चांगले झाले, मास्तर. कांडी हलकी धरावी, एवढे तिला सांगा. दाबली की घसरत नाही."